काचेचं गोडं पाणी

अंबादासपंतांच्या घरी पाहुण्याला खारं पाणी मिळायचं आणि काचेला गोडं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला त्यांचं दोन खणांचं घर होतं. आमच्याकडच्या विहिरींचं पाणी ज्याने चाखलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. डाळ शिजत नाही, रिठ्याला फेस येत नाही. परगावचा पाव्हणा पहिला घोट घेतो आणि घरधन्याच्या तोंडाकडे बघत राहतो. अशा गावात पंतांच्या ओसरीवर श्रावणातल्या पावसाच्या पाण्याने भरलेले मोठाले रांजण होते, तोंडाला फडकी बांधलेले. त्यातला थेंब माणसाच्या घशात जायचा नाही. पंतांच्याही नाही.

लोकांना वाटायचं, भिक्षुकाचं घर, सोवळं असेल. त्यांची आत्या अमरावतीहून आली तेव्हा तिलाही तसंच वाटलं. अंबादास वाया गेला म्हणतात, पण पाण्याचं कसं पाळतो बघा, असं तिने आळीभर सांगितलं. मग दुपारी आंघोळ करून, ओल्या लुगड्याने, तिने स्वतःच रांजणात तांब्या घातला. पंत आतून धावत आले आणि तिच्या हातातून तांब्या काढून घेतला. "आत्या, ते काचेचं हाय." आत्याने त्याच संध्याकाळी बोचकं बांधलं. अमरावतीपर्यंत तिला माझ्याच गाडीने पोचवलं. वाटेत ती एकच विचारत होती, काचेला तहान कधीपासून लागायला लागली.

मी गाडीवान माणूस. मला जी अक्षरं येतात ती पंतांनीच शिकवली, तीही माझ्या भल्यासाठी नाही. त्यांच्या बाटल्या माझ्या गाडीत असायच्या आणि विषाची कोणती ते मला वाचता यावं म्हणून. त्यामुळे हे लिहिणं बाटलीवरच्या चिठ्ठीसारखं झालं तर माझ्यावर रागावू नका.

पंत तसबिरी काढायचे. जवान असताना एका गोऱ्या साहेबाच्या तंबूत लिखापढीला राहिले. साहेब विलायतेला गेला तेव्हा जड झालेली तसबिरी काढायची पेटी मागे टाकून गेला, ती पंतांनी उचलली. पूजापाठ सुटला. चांदीच्या पाण्याने बोटं कायमची काळी झाली, कोपरापर्यंत डाग. एकदा एका यजमानाने श्राद्धाला बोलावलं आणि ती बोटं दर्भ धरताना बघून घरातली बायामाणसं आत पळाली. मुलगी तर कोणी दिलीच नाही. पंत म्हणायचे, बरं झालं, अजून एका माणसाला पाणी नाही म्हणावं लागलं असतं.

पाण्याचं कारण खरं होतं. काचेवर चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच पेटीत घालायची, समोरच्या माणसाचा चेहरा तिच्यावर पाडायचा आणि ती सुकायच्या आत काळ्या तंबूत नेऊन तिच्यावर उठवणीचं पाणी ओतायचं. तेव्हा कुठे माणूस उठून दिसतो. ह्यात कुठेही आमच्या विहिरीचा थेंब पडला की दुधात लिंबू पिळल्यासारखं होतं. सगळं फाटतं.

हे उठवणीचं पाणी दोन तऱ्हांचं. एक हिराकसाचं. रंगारी काळा रंग धरवायला वापरतात आणि कारकून शाईत घालतात तेच हिराकस. दुसरं मायफळाचं. मायफळातून काढलेली पांढरी पूड असते, ती मुंबईहून यायची. पेटी उघडायच्या आधीच ठरवावं लागे, आज कोणतं ओतायचं. कारण हिराकस झटपट उठवतं, त्याला माणूस थोडाच वेळ बसला तरी भागतं. मायफळ मंद. त्याला माणूस दगडासारखा बसायला लागतो. पंतांकडे घड्याळ नव्हतं, स्तोत्र होतं. हिराकस असलं की त्याची सुरुवात म्हणायचे आणि पेटीच्या भिंगावर झाकण लावायचे. मायफळ असलं की अख्खं, फलश्रुतीसकट.

आणि दोन्हीतून निघणारा माणूसही वेगळा. मायफळात काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. मिशीचा केस न् केस दिसतो, आणि साधा शिंपीही कचेरीत जबानी द्यायला उभा असल्यासारखा वाटतो. पण पागोट्याखाली सावली असली तर तिथे नुसता अंधार. हिराकसात सगळं राखेच्या रंगाचं, मऊ. कोणी म्हणेल मळकट. पण सावलीतले डोळेसुद्धा दिसतात.

पंतांना हिराकस आवडत नसे. "ते उधळं पाणी हाय," म्हणायचे, "दिसलं ते सारं सांगून टाकते. मायफळ जपून बोलते." मग माणसांचीही तीच वाटणी सुरू झाली. रस्त्यात कोणी भेटला, दोन शब्द बोलला आणि पुढे गेला की पंत माझ्या कानाशी लागायचे, "हिराकशी." मामलेदार मायफळी. मामलेदाराचा शिपाई हिराकशी. मी विचारलं, मी कोण? म्हणाले, "तू बैलात राहतो, सखाराम. मायफळी." मी त्याला मान समजलो. पुढे माझ्या बैलांची तसबीर काढली तेव्हा बैल खरंच उत्तम बसले, नुसत्या शेपट्या तेवढ्या नाहीशा झाल्या. पंत काच उन्हाकडे धरून म्हणाले, "हालला तो गेला." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. भांडणाऱ्या पोरांनाही तेच, ग्रहण बघायला अंगणात धावणाऱ्यांनाही तेच.

आता त्या वर्षांत न हालणारा माणूस वऱ्हाडात आणायचा कुठून? साता समुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई लागली आणि आमच्या कापसाला असा भाव आला की लोकांना झोप येईना. माझ्या गाड्यांना बसायला वेळ नव्हता. ज्यांच्या अंगरख्याला कालपर्यंत ठिगळ होतं ते बैलांच्या शिंगांना चांदी चढवायला लागले. पैसा आला की माणसाला स्वतःचं तोंड बघावंसं वाटतं. म्हणून पंतांना आणि पेटीला घेऊन मी अमरावतीच्या कापूसबाजाराला जायचो.

तिथे एक पाटील बसले, नव्याने वर आलेले. मुंबईचे बूट, बोटांत अंगठ्या, डोक्यावर एवढं पागोटं. मी म्हटलं, पंत, ह्यांना घाई दिसते, हिराकस घ्या. पंतांनी ऐकलं नाही. मान हालू नये म्हणून मागे लोखंडी आकडा लावला, झाकण काढलं आणि स्तोत्र सुरू केलं. अर्ध्यावर आले असतील नसतील, बाहेर कोणी तरी ओरडत गेला, मुंबईचा भाव आला. पाटलांचं धड बसून राहिलं, पण मान फिरली ती फिरलीच. काच धुऊन बघतो तर बूट लख्ख, अंगठ्या लख्ख, बंडीच्या गुंड्या मोजून घ्याव्यात, आणि गळ्याच्या वर धुकं.

पाटील म्हणाले, "पंत, माहं डोकं कुठं हाय?"

"भाव पाहाले गेलं होतं. वापस येईलोग माहं स्तोत्र सरलं."

पाटलांनी ती तसबीर तरीही नेली आणि बैठकीत लावली. बूट खरंच चांगले आले होते.

हे सगळं मी घरी सांगितलं की माझी बायको सुभद्रा हसून हसून भिंतीला टेकायची. ती नांदगाव खंडेश्वरची. तिच्या माहेरची माणसं अशीच, मयतीला गेली तरी कोपऱ्यात कोणी तरी हसतं. आम्हाला मूल नव्हतं. हे सांगतो ते रडायला नाही. तिचं नाक, तिची हनुवटी घरात दुसऱ्या कोणाला नव्हती, म्हणून मला तिची तसबीर हवी होती. दुसरं काही मला त्या तेजीतून नको होतं. पंतांना तसं सांगितलं, आणि पंत लगेच हो म्हणाले.

पण ती बसेल तर ना. पंतांनी मानेला आकडा लावला की तिला गुदगुल्या व्हायच्या. पंत गंभीर चेहरा करून स्तोत्र म्हणायला लागले की पदराआड तिचे खांदे हालायचे. "पंत, मी का महादेवाची पिंड हावो?" म्हणायची. पहिली काच आली तिच्यात मांडीवरचे हात स्वच्छ, बांगड्या स्वच्छ, आणि तोंडाच्या जागी वाफ. दुसरी काढली ती पहिलीहून वाईट. मी म्हटलं, हिराकस घ्या की पंत, ती आहेच तशी. पंत चिडले. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना हिराकस चालेल, म्हणाले, पण सुभद्राबाईंची तसबीर भरीव झाली पाहिजे, काळं काळं आणि पांढरं पांढरं, तुझ्यामागेही टिकणारी. घाईच्या पाण्याने ती काढली तर मला चैन पडायचं नाही. पुढच्या श्रावणात रांजण भरले की निवांत बसवू. श्रावण आला, भाव आणखी चढला, मी गाड्यांमागे, पंत पेटीमागे. पुढच्या श्रावणात बघू, असं परत ठरलं. आम्ही दोघं मायफळी, बसून राहणारे. आणि तेवढ्यात वर्षं निघून गेली.

मग ती लढाई संपली आणि भाव पडला. अमरावतीला गेलो तर बाजारात कुत्री झोपलेली. तसबिरी काढून घेणारे कुठल्या कुठे गेले, ते बूटवाले पाटीलसुद्धा. माझ्या गाड्या दांड्या वर करून पडल्या. आणि त्याच उन्हाळ्यात सुभद्रेला ताप लागला.

वैद्य झाले, अंगारे झाले. ताप काही जाईना. गाल बसले, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. जीभ सोलून निघाली होती. विहिरीचं पाणी तिला झोंबायचं. तोंडात घ्यायची आणि ओठांच्या कडेने सोडून द्यायची. मोर्णेच्या पात्रात खड्डा करून मी झिऱ्याचं पाणी आणायचो, तेही मचूळच. रांजणांचं नाव मी काढलं नाही. मला माहीत होतं, तळाला आलेत, आणि त्या पाण्यावर पंतांचं पोट आहे.

एका सकाळी मात्र गेलो. पंतांना म्हटलं, आता काढा. आता ती हालत नाही. मायफळासाठी जेवढं बसवाल तेवढं बसेल.

पंत बाटल्यांची फळी पुसत राहिले. पुसलेलीच परत पुसली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आले. पेटी, काळा तंबू आणि एक कळशी. रांजणांच्या तळाचं होतं नव्हतं ते पाणी त्या कळशीत. मी बाटल्या उतरवायला गेलो, चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हटलं, "पंत, मायफळ इसरले तुमी."

"इसरलो नाई."

"मंग?"

"आता त्या बसतीन, म्हनून तर आनलं नाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "गुमान बसलेल्या सुभद्राबाई तुह्या वळखीच्या हाईत का? माह्या तर नाई."

अंगणातल्या निंबाखाली गाडी उभी होती. तिच्या चाकाला गोधडी लावून मी सुभद्रेला टेकवून बसवलं. तिने डोक्यावरून पदर घेतला. तेवढ्या कष्टानेही तिला दम लागला. आकडा पंतांनी बाहेर काढलाच नाही. त्यांनी तंबूत काच तयार केली, पेटीत घातली, झाकणाला हात घातला, आणि सुभद्रा म्हणाली, "पंत, त्या कळशीत काचेचं पानी हाय का?"

"हो."

"कसं लागते हो ते?"

पंतांनी कळशीकडे बघितलं. मग म्हणाले, "मले काय माईत. मी कधी पेलो?"

त्या उन्हात ओली काच सुकायला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक होतं. मध्ये कोणी शिंकलं तरी पंत अंगावर धावून यायचे. तेच पंत झाकण सोडून कळशीकडे गेले, तांब्या भरला, आणि आपल्या काळ्या हातांनी तिच्या हातात दिला. ती प्याली. एका दमात नाही, थांबून थांबून, पण एक थेंब खाली सांडला नाही. तांब्या पुढे केला. पंतांनी परत भरला. कळशी वाकडी केली तेव्हा तळ दिसला.

ती परत प्याली. मग तांब्या मांडीवर टेकवून म्हणाली, "अवो बाप्पा. इतकं गोड. आन् इतके साल काचेले पाजून राहिले." आणि हसली. कितीक दिवसांनी, आधी हसायची तशी, खांदे हालवून.

पंतांनी झाकण काढलं. स्तोत्र ऐकू आलं नाही, नुसते ओठ हालले. झाकण लागलं. पेटीतली काच घेऊन ते तंबूत गेले.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, "सखाराम, हिरीचं पानी आन."

मी घागर घेऊन गेलो खरा, पण उभाच राहिलो. काच धुवायला गोडं पाणी शेवटपर्यंत लागतं, हे गाडीवानालाही कळत होतं. पंत म्हणाले, "आन म्हन्तो ना." मग त्या खाऱ्या पाण्याने त्यांनी ती काच धुतली, धुतली, ऊन डोक्यावर आलं तरी धुतली. सुकवली, वर रोगण चढवलं, मागे काळं कापड लावलं आणि माझ्या हातात देऊन एवढंच म्हणाले, "भिंतीले लागते तसा लोणा लागन इले. आज नाई, उद्या नाई. पन लागन."

मृग लागायच्या आत सुभद्रा गेली.

तसबिरीत ती आहे. राखेच्या रंगाची, मऊ, पदराच्या सावलीत. त्या सावलीतले डोळे दिसतात आणि ते हसतात. हातातला तांब्या हालला, तो नाही आला. बांगड्याही नाहीत. पहिल्या दोन काचांत जे होतं ते ह्यात नाही आणि जे नव्हतं ते आहे.

त्यानंतर पंत भेटले की पहिला प्रश्न एकच, लोणा कुठवर आला. तो कडेच्या कोपऱ्यातून निघाला होता, मिठासारखा पांढरा, रोगणाच्या खालून फुगत. मी म्हणायचो, कोपऱ्यातच आहे. गाडीच्या चाकावर आला तेव्हाही म्हटलं, कोपऱ्यातच आहे. चाक गिळून तांब्याच्या जागेवर आला, तेव्हाही तेच. घेऊन ये, बघतो, असं ते म्हणायचे आणि मी न्यायचो नाही. त्यांचा धंदा बसला होता. ओली न करता चालणारी सुकी काच निघाली, मुंबईचे शिकलेले तसबीरवाले रेल्वेने यायला लागले. पंत मात्र दर श्रावणात रांजण भरून ठेवायचे आणि पाहुण्याला खारं पाणीच द्यायचे. मेलेल्याचं चांगलंच बोलावं म्हणतात. पण पंत शेवटपर्यंत हट्टी होते, हे मी लिहिणारच.

मागल्या वर्षी ते आपणहून माझ्या दारात आले. एका हातात काठी, दुसरा भिंतीला. डोळे जवळजवळ गेलेच होते. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "दे."

मी काच त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी उन्हाकडे धरली, सवयीने. मग खाली घेतली, आणि काळं बोट कोपऱ्यापासून हळूहळू आत नेलं. मिठाचा खरखरीतपणा बोटाला लागत होता, ते मला दिसत होतं. बोट चाकावरून गेलं, तांब्याच्या जागेवरून गेलं, वर सुभद्रेच्या खांद्यापाशी आलं आणि तिथे काच गुळगुळीत झाली. बोट तिथे थांबलं. बराच वेळ थांबलं.

"कोपऱ्यातच हाय, सखाराम," पंत म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी काच धोतराच्या सोग्याने पुसली, माझ्याकडे दिली आणि पाणी मागितलं. माझ्याकडे आमच्या विहिरीचंच होतं. तांब्याभर दिलं, ते पंत थांबून थांबून सगळं प्याले.